पेपराऐवजी पाठ

“मॅडम, आता बरोबर सांगू का? हेडसरांनी एकदाच चुकायला सांगितलंय.”

पहिल्या बाकावरची पोरगी उभी राहून हे बोलली. खणखणीत बोलली, कारण तिला खणखणीत बोलायचं शिकवून ठेवलं होतं. वर्गात मागं दोन खुर्च्या टाकल्या होत्या. एकीवर बाहेरून आलेल्या मॅडम होत्या, दुसरीवर त्यांच्याबरोबरचे सर. सर लिहीत होते, त्यांचा हात थांबला. मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला. आमचे हेडसर दाराशी उभे होते, ते नुसतेच हसले. आणि फळ्यापाशी खडू धरून माझी सून उभी होती. तिचं तोंड पांढरं पडलेलं मला खिडकीच्या गजांतून दिसलं.

मी बाहेर होते. त्या शाळेची खिचडी मी शिजवते. खिचडीची पत्र्याची खोली त्या वर्गाच्या शेजारीच आहे आणि मधल्या बोळात उभं राहिलं की आतलं सगळं दिसतं, ऐकू येतं.

त्या दिवशी माझ्या सुनेची परीक्षा होती. पेपर नव्हता, पाठ होता. तिनं वर्गात शिकवायचं आणि त्या दोघांनी मागं बसून बघायचं. त्यांनी शिफारस केली तर ती शाळेत बाई म्हणून राहणार होती. नाही केली तर इतकी वर्षं शिकवूनही तिला घरी बसावं लागणार होतं.

झालं असं होतं की, दुसरीच्या वर्गात दशक-एकक शिकवायचं ठरलं होतं. सुनेनं विचारायचं, “सदतीसमध्ये दशक किती?” त्या पोरीनं म्हणायचं, “सात.” मग सुनेनं प्रेमानं समजावून सांगायचं आणि पोरीनं हुशारीनं “तीन” म्हणायचं. पोरं चुकली आणि बाईनं ती चूक सुधारली तर जास्त गुण मिळतात असं हेडसरांनी कुठंतरी ऐकलं होतं. म्हणून त्यांनी चूक पण नेमून दिली होती. ते सगळं ठरल्याप्रमाणं झालं. पण मागून मॅडमनी त्याच पोरीला आपला वेगळा प्रश्न विचारला, “बावन्नमध्ये दशक किती गं?” पोरीला कळेना, ह्या वेळी चुकायचं का बरोबर सांगायचं. तिनं सरळ विचारून टाकलं. पोरगी चौथीतली होती. दुसरीच्या वर्गात तिला हुशार म्हणून आणून बसवलं होतं.

त्या पोरीवर माझा राग नाही. तिला जे सांगितलं ते तिनं केलं. माझा राग मोठ्या माणसांवर आहे, आणि त्यात माझी सूनसुद्धा आहे.

आमचं गाव इंदापूर तालुक्यात आहे, कळसवरून पुढं जाताना लागतं. माझ्या सासऱ्यांपर्यंत आमच्या घरात मेंढरं होती. आता ऊस आहे, थोडी मका आहे. मुलगा बारामतीला एमआयडीसीत कामाला जातो. सून लासुर्ण्याची. लग्न होऊन आली तेव्हाच डी.एड. झालेली होती. गावातल्या शाळेत जागा निघाली, संस्थेनं तिला घेतलं. मी चौथी शिकले. सून मास्तरीण आहे याचं मला कौतुक-बितुक नव्हतं. सकाळचा स्वयंपाक माझ्या अंगावर पडला, एवढंच मला कळलं. पुढं शाळेत खिचडीला बाई पाहिजे होती म्हणून मी लागले, तेव्हा कुठं मी तिला वर्गात बघितलं.

कारखान्याचा हंगाम सुरू झाला की बीडकडची माणसं ऊस तोडायला येतात. ओढ्याच्या कडेला त्यांच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या पडतात. त्यांची पोरं शाळेत येतात, कधी येत नाहीत, पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की तिकडंच परत जातात. आमच्या गावची पोरं त्यांच्याशेजारी बसायला कुरकुर करायची. ती पोरं बोलायची वेगळं, आणि हसतील म्हणून मग बोलायचीच नाहीत. माझी सून काय करायची, तर सकाळी त्यांना विचारायची, काल काय काय केलं. पोरगी म्हणायची, “म्या मायसंगं वाढं बांधलं.” वाढं म्हणजे उसाचा वरचा हिरवा शेंडा, जनावरांना घालतात. सून तेच जसंच्या तसं फळ्यावर लिहायची. पोरगी आपलंच बोलणं आपण वाचायची. चार दिवसांनी सून त्याच्याखाली पुस्तकातल्यासारखं लिहायची, मग दोन्ही वाचायला लावायची. दशक शिकवताना काड्यांच्या मोळ्या बांधायला लावायची. मोळी बांधायला त्या पोरांना कुणी शिकवावं लागत नव्हतं. त्यांच्या मोळ्या घट्ट आणि आमच्या गावच्या पोरांच्या सुटायच्या, तिथं ती पोरं पहिल्यांदा हसायला लागली.

मला त्यातलं शास्त्र कळत नाही. पण खिचडी वाढताना कळतं. जी पोरं ताट पुढं करताना तोंड खाली घालायची, ती हंगाम संपायच्या आत “आजी, अजून वाढ की” म्हणायला लागायची.

मग पेपर आला. शिक्षक पात्रता परीक्षा, टीईटी म्हणतात सगळे. नोकरीत असला तरी पास व्हा, नाहीतर जा. सून बारामतीला पेपर द्यायला जायची. नातू लहान होता म्हणून मी बरोबर जायची आणि केंद्राच्या बाहेर रस्त्याकडेला बसायची. माझ्यासारख्या कितीतरी सासवा, आया, नवरे तिथं पोरं सांभाळत बसलेले. आत जाताना बायकांच्या पिना काढून घ्यायचे, जसं काही सगळ्या चोरी करायलाच आल्यात. सून बाहेर यायची ती रागानं भरलेली. प्रत्येक वेळी थोडक्या गुणांनी जायची.

पेपरच नको असं मी म्हणत नाही. ज्या बाईला स्वतःला धड वाचता येत नाही तिनं पोरांपुढं उभं राहू नये. असे मास्तर मी बघितलेत. पण त्या पेपरात माझ्या सुनेचं काय तपासत होते ते मला अजून कळलेलं नाही. घरी भाकरी करताना ती पुस्तक पुढं ठेवून बसायची आणि मला वाचून दाखवायची.

“आत्या, ऐका. वर्गात एक मूल सारखं रडतंय. शिक्षकानं काय करावं? चार पर्याय हायत.”

“तू काय करतीस?”

“मी आधी त्याचा पाय बघते. उसाच्या पाचटानं कापलेला असतो.”

“मंग तेच लिव्ह.”

“तो पर्याय न्हाय त्यात.”

“मंग ह्यांनी पोरगं बघितलंय का कवा?”

ती हसली होती तेव्हा. पण निकाल लागला की हसत नव्हती.

मग संस्थेत कुणाच्या तरी डोक्यात बरी गोष्ट आली. संस्थेच्या शाळा पुष्कळ, आणि पेपरात अडकलेले शिक्षकही पुष्कळ. त्यांनी ठरवलं, पेपराऐवजी पाठ बघायचा. अध्यापक विद्यालयातली जाणती माणसं वर्गात येऊन बसणार, बाई शिकवते कशी ते बघणार, तिच्याशी बोलणार, पोरांच्या वह्या बघणार. त्यांनी लायक म्हटलं तर संस्था तिला ठेवणार आणि वर सरकारकडं तिच्यासाठी भांडणार. प्रयोग आहे म्हणाले. ज्यांचं भागलं नाही त्यांना परत संधी नाही.

मला हे पटलं. मला खिचडीला ठेवलं तेव्हा हेडसरांनी मला पेपर दिला नव्हता. चूल पेटव म्हणाले, तांदूळ दिले आणि खाऊन बघितलं. सुनेलाही मी म्हणाले, “आता बघू देत त्यांना. तुला काय नवीन करायचंय? रोज करतीस तेच कर.”

पण आमच्याकडं कुणी बघायला येणार म्हटलं की रोजचं ते दाखवायचं नसतं. पोरगी बघायला पाहुणे आले की शेजारणीच्या कप-बशा आणतात, पोरीला दुसऱ्याची साडी नेसवतात. शाळेत तेच. साहेब येणार म्हटलं की रांगोळी, शाल, नारळ, हार. भिंतीला नवे तक्ते. हेडसरांनी दुसऱ्या शाळेतून थर्माकोलचे रंगीत दशक-एकक मागवले. पोरांचा सराव सुरू केला. कुणी हात वर करायचा, कुणी उत्तर द्यायचं, कुणी चुकायचं. तिसरी-चौथीतली हुशार पोरं निवडली आणि दुसरीच्या बाकांवर बसवली. आणि मग म्हणाले, कोप्यांवरची पोरं त्या दिवशी वर्गात नकोत.

हे मला शाळेत नाही कळलं, घरी कळलं. सून कपड्यांच्या घड्या घालत होती. खाली बघत म्हणाली, “आत्या, पाठाच्या दिवशी कोपीवरची पोरं तुमच्याकडं खिचडीच्या खोलीत बसतील. जरा सांभाळा. आवाज करू देऊ नका.”

“का?”

“हेडसर म्हणाले.”

“हेडसर म्हणाले, आन् तू?”

ती घड्या घालत राहिली.

“त्या पोरांवरच तर तुझं शिकवणं दिसतं. तीच काढून टाकलीस तर ते लोक बघणार काय? थर्माकोल?”

मग ती उसळली. “तुमाला काय माहीत? मागं तपासणीला आले होते एक साहेब. फळ्यावर ‘म्या’ लिहिलेलं बघितलं आन् सगळ्या पोरांपुढं मला म्हणाले, बाई, तुम्हाला तरी मराठी येतं का? माझ्या वर्गात मला असं म्हणाले. हे दोघं तसंच म्हणाले तर? मला एकदाच संधी हाय.”

“मंग त्यांना सांगायचं, असं का लिहिते ते.”

“सांगायला वेळ देतात व्हय? त्या पोरी नवीन माणूस बघून तोंडच उघडत न्हाईत. मॅडम म्हणतील, दुसरीत असून ह्यांना काही येत न्हाय. सगळं माझ्याच नावावर.”

“तूच तुझी पोरं लपवायला लागलीस.”

“एका दिवसापुरतं, आत्या.”

मुलगा बाहेर बसला होता. तिथूनच म्हणाला, “आई, तू मधी पडू नको. तिची नोकरी हाय.” मी त्याला म्हणाले, “तू गप. तुला बायकोच्या वर्गाचं दार कुठल्या बाजूला हाय ते तरी माहीत हाय का?” पण मीही तो विषय तिथंच सोडला. तिची भीती खोटी नव्हती. त्या साहेबाचं बोलणं तिनं मला त्या दिवसापर्यंत सांगितलंही नव्हतं. एका माणसानं जाता जाता फेकलेलं वाक्य, आणि तिनं ते सांभाळून ठेवलं होतं.

पाठाच्या दिवशी मी सकाळी लवकर गेले. हेडसर कडक इस्त्रीत होते.

“मावशी, आज खिचडीत जरा मटार-बिटार टाका. पाहुणे खातील.”

“रोज का न्हाय टाकायचा, सर? पोरं पण खातात.”

“आज तरी नीट बोला, मावशी.”

सून आली. तिनं कोपीवरच्या पोरांना माझ्या खोलीत आणून सोडलं. तांदळाच्या पोत्यांना टेकून ती ओळीनं बसली. सून त्यांना म्हणाली, “मी येऊन सांगंपर्यंत कुणी बोलायचं न्हाय हां. कुणी कायबी विचारलं तरी न्हाय. शहाणी पोरं ना माझी?” पोरांनी माना हलवल्या. तिनं एकीच्या केसांची पिन नीट केली आणि गेली. माझ्याकडं बघितलं नाही.

थोड्या वेळानं त्यातली सगळ्यात मोठी पोरगी माझ्याजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, “आजी, आज बाईंची परीक्षा हाये ना?”

“व्हय.”

“मंग आम्ही तिथं असलो तर बाई आमचं बघून लिहितील म्हणून हिथं बसिवलं का?”

दुसरी म्हणाली, “बाई कशाला बघून लिहितील? तूच लिहितीस बघून.”

मला हसू आलं आणि लगेच इतका राग आला की हातातला डाव पातेल्यात आपटला. पोरं घाबरून गप झाली.

मग जीप आली, नारळ झाला, शाली झाल्या, पाठ सुरू झाला. मी बोळात जाऊन उभी राहिले. सून बोलत होती ती माझी सून नव्हतीच. रेडिओवरच्या बाईसारखा आवाज काढला होता. “मुलांनो, आज आपण काय शिकणार आहोत बरे?” सगळी पोरं एका सुरात ओरडली, “दशक आणि एकक!” तिनं अजून फळ्यावर काही लिहिलंही नव्हतं. खुर्चीवरच्या सरांनी मॅडमकडं बघितलं, ते मी बघितलं. आणि मग तो प्रश्न आला आणि ती पोरगी तसं बोलली.

हेडसर म्हणाले, “लई खोडकर हाय ती. चेष्टा करते.”

पोरगी रडायला लागली. “मी न्हाय चेष्टा केली. तुमीच सांगितलं.”

मॅडम खुर्चीवरून उठल्या. वयानं पोक्त बाई, साधी साडी, आवाज चढवला नाही. त्यांनी हजेरी मागितली. बाकांवरची पोरं बघितली. मग सुनेला विचारलं, “ही सगळी मुलं दुसरीची नाहीत, बरोबर? दुसरीची बाकीची मुलं कुठं आहेत?”

हेडसर मधेच म्हणाले, “मॅडम, ऊसतोडीच्या लोकांची पोरं ती. येतच नाहीत शाळेत.”

“मी बाईंना विचारतेय.”

आता सांग, असं मी मनात म्हणाले. आता तरी सांग. सुनेची आणि माझी नजर त्या गजांतून एक झाली. ती मला बघत होती, माझ्यामागची पत्र्याची खोली बघत होती. आणि ती म्हणाली, “गैरहजर हायत.”

माझ्या अंगाचा भडका उडाला. नोकरी जाईल, सून जन्मभर बोलणार नाही, असलं काही माझ्या डोक्यात आलं नाही. मी बोळातून वळून सरळ वर्गात गेले. हातात डाव तसाच.

“गैरहजर न्हायत. माझ्या खोलीत हायत. कोंबड्या डालल्यासारखी डालून ठेवलीत.”

“मावशी, बाहेर व्हा,” हेडसर ओरडले.

“तुमी व्हा बाहेर. मॅडम, परीक्षा घ्यायचीय ना? त्या पोरांना बसवा आन् मग घ्या.”

सर म्हणाले, “आजी, हे असं नसतं चालत.” पण मॅडम म्हणाल्या, “आणा.”

मी पोरांना आणलं. हुशार पोरांना हेडसरांनी हाताला धरून बाहेर काढलं. कोपीवरची पोरं बाकांवर बसली. मॅडम परत मागं जाऊन बसल्या आणि सुनेला म्हणाल्या, “घ्या बाई, तुम्ही रोज घेता तसं.”

मला वाटलं आता होईल. खरंच वाटलं. सुनेनं थर्माकोल बाजूला ठेवलं. खडू घेतला. आवाज तिचा तिचा झाला. म्हणाली, “काल काय केलं गं कुणी कुणी?”

कुणी बोललं नाही.

“अगं सांग की. माय कुठं होती काल?”

पोरगी तिच्याकडं बघत बसली. ओठ घट्ट मिटलेले.

सुनेनं दुसरीला विचारलं, तिसरीला विचारलं. सगळी पोरं तशीच. शहाणी पोरं. त्यांना बाईंनी सांगितलं होतं, कुणी कायबी विचारलं तरी बोलायचं न्हाय, आणि ती बाईंची परीक्षा होती, आणि बाई नापास होऊ नयेत म्हणून ती दात आवळून बसली होती. मॅडमनी त्यांना काड्या दिल्या, मोजा म्हणाल्या. त्यांनी काड्यांना हातसुद्धा लावला नाही.

“बोला आता,” सून म्हणाली. “आता बोललं तरी चालतंय.”

मोठी पोरगी दाराकडं बघायला लागली. दारात हेडसर उभे होते, डोळे वटारून. पोरगी परत गप झाली.

सुनेचा आवाज फाटला. “अगं बोला की!” असं ती ओरडली, आणि त्यातली धाकटी पोरगी रडायला लागली. ह्या बाईंनी कधी आवाज चढवला नव्हता. एक रडली तशी बाकीची रडली. सर घड्याळ बघत होते. मॅडमनी हळूच वही मिटली.

तोवर माझी खिचडी खाली लागली होती. वास वर्गापर्यंत आला. त्या दिवशी मटाराची करपट खिचडी सगळ्या पोरांनी खाल्ली. पाहुणे जेवले नाहीत.

ती दोघं जीपकडं निघाली तेव्हा मी आडवी गेले. सून वर्गातच बसून होती.

“मॅडम, तुमी सांगून का आलात?”

“आधी कळवायचा नियम आहे, आजी. न कळवता आलो तर शिक्षक म्हणतात, चोर पकडायला आले.”

“मंग दोन दिवस बसा. चार दिवस बसा. एका तासात कळतं का बाई कशी हाय ते?”

“मला अजून कितीतरी शाळा करायच्यात.”

“म्हंजी पेपरासारखंच झालं की. एक तास, आन् मग पास का नापास.”

मॅडम म्हणाल्या, “आजी, तुमची सून चांगली शिकवत असेल. मला वाटतंय, असेल. पण ती माझ्या तोंडावर खोटं बोलली. मी जे बघितलं तेच मला लिहावं लागेल.”

मला त्यांना शिवी द्यायची होती. देता आली नाही, कारण त्या चुकीचं बोलत नव्हत्या. एवढा राग आला असताना समोरचं माणूस बरोबर निघावं यासारखी वाईट गोष्ट नाही.

घरी आल्यावर सून मला म्हणाली, “तुमी मधी आला नसता तर कदाचित भागलं असतं.”

“भागलं नसतं. पोरीनं फोडलं होतं तवाच संपलं होतं.”

“तुमी मला सगळ्यांपुढं खोटं पाडलं.”

“खोटी तू पडलीस. मी नुसतं दार उघडलं.”

त्यावर कितीतरी दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. मीही मनधरणी करायला गेले नाही. माझं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण दुपारी ती एकटी बसायची तेव्हा तिच्याजवळ चहा ठेवून मी निघून जायची. ती प्यायची. तेवढंच.

अहवाल आला. शिफारस करता येत नाही, मुलांना पढवून आणि बदलून बसवलं होतं, असं त्यात होतं. संस्थेच्या बैठकीत हेडसर उभे राहून म्हणाले, सराव बाईंनीच घेतला, मला कल्पना नव्हती. थर्माकोल कुणी मागवलं, शाली कुणी आणल्या, हे कुणी विचारलं नाही. सून तिथं होती. ती काही बोलली नाही. मला घरी येऊन सांगितलं तेव्हा मी म्हणाले, “आता का गप बसलीस?” तर म्हणाली, “मी पण व्हते की त्यात, आत्या.”

आणि संस्थेनं पाठाचा प्रयोगच बंद केला. शाळा फसवाफसवी करतात म्हणाले, त्यापेक्षा पेपर बरा, पेपरात पोरं बदलता येत नाहीत. ज्यांचे पाठ अजून व्हायचे होते त्यांचे झालेच नाहीत. डाळजकडच्या शाळेतल्या एका बाईंचा सुनेला फोन आला. मी बाजूलाच होते, फोनमधून आवाज बाहेर येत होता. “तुमच्यामुळं आमचं गेलं,” त्या म्हणत होत्या. “माझा पाठ पुढच्या आठवड्यात होता. मी पोरांना पढवलं नव्हतं की लपवलं नव्हतं. तुमच्यामुळं गेलं.” सून “व्हय बाई, व्हय बाई” म्हणत राहिली. फोन ठेवल्यावर मोरीत जाऊन तोंड धुऊन आली आणि भाकरीला बसली.

बघणाऱ्यानं एक दिवस सांगून यायचं, दाखवणाऱ्यानं तोच एक दिवस सजवायचा, आणि सजावट उघडी पडली की बघणंच बंद करायचं. ह्यात पोरांना शिकवणारी बाई कुठं आहे, हे मला कुणी सांगत नाही. पेपरवाले सांगत नाहीत, पाठवाले पण सांगू शकले नाहीत.

पोरांची वार्षिक परीक्षा संपल्यावर सुनेला वर्ग सोडावा लागला. तिच्या जागी पेपर पास झालेली एक तरुण पोरगी आली आहे. वाईट नाही. पोरांवर ओरडत नाही, मला मावशी म्हणते. कोपीवरची पोरं आली की तिला त्यांचं बोलणं कळत नाही, मग ती मला विचारते, ही काय म्हणतेय. मी सांगते. सुनेला विचार असं मी तिला एकदा म्हणाले, पण ती लाजली, आणि सूनही शाळेच्या रस्त्यानं जात नाही. सून पुन्हा पेपराची पुस्तकं काढून बसते. कधी उघडी असतात, कधी नुसती समोर असतात. हेडसर आहेत तिथंच आहेत. खिचडी मीच करते, कारण पोरं जेवतात.

संस्थेत त्या दिवसाचा विषय निघाला की “तो प्रकार” म्हणतात. प्रकार म्हणजे आपोआप घडला, कुणावर बेतलाच नाही, असं ऐकायला वाटतं. तो माझ्या सुनेवर बेतला. बाईंना पास करायला तोंड मिटून बसलेल्या पोरांवर बेतला. आणि दार मी उघडलं होतं, मी तिथंच उभी होते.